आत्यांशी बोलायला लावलेली मुलगी

चाकणच्या ज्या कंपनीत मी खरेदी विभागात आहे, तिथे साधा रबरी वॉशर घ्यायचा झाला तरी आम्ही तीन पार्ट्यांकडून नमुने मागवतो. नमुने टेबलावर मांडायचे, तुलनेचा तक्ता करायचा, लाइनवर ट्रायल घ्यायची, वापरणाऱ्यांना कसं वाटलं ते विचारायचं, आणि ज्याला जास्त गुण त्याला ऑर्डर द्यायची. या कामात मी हुशार समजली जाते. सासूशी बोलायला कुणीतरी हवं असं माझ्या मनात आलं तेव्हाही मी नेमकं हेच केलं. हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही, कारण सांगायला लागले की मान खाली जाते.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात, मग ती नात्यातली असो नसो. माझं माहेर सांगवीचं, सोसायटीतलं. सासर तळवड्याच्या अलीकडचं, गावठाणातलं. शेती होती ती कारखान्यांत गेली, उरलेल्या जागेत पत्र्याच्या खोल्या बांधल्या आणि त्यांत मराठवाड्यातून आलेली कंत्राटी पोरं भाड्यानं राहतात. नवरा चाकणलाच दुसऱ्या एका कारखान्यात, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या पाळीत. लेक शिकायला नागपूरला. म्हणजे मी सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढले आणि दुपारी नवरा त्याच्या बसमध्ये चढला की घरात आत्या एकट्या. त्यांच्या बरोबरीच्या बायका एकेक करून गेल्या, उरल्या त्या मुलांच्या फ्लॅटमध्ये लिफ्टच्या भरवशावर. ओट्यावर बसून बोलावं असं कुणी राहिलं नाही.

मग त्या मला फोन करायच्या. गॅसवाला आला. पाणी गेलं. कडेच्या खोलीतल्या पोराला ताप आहे, त्याला पेज करून देऊ का. आणि सांगण्यासारखं काही नसलं की मोजणीची गोष्ट. जमीन मोजायला साहेब लोक आले, तेव्हा त्यांना पिठलं-भाकरी आत्यांनीच करून घातली होती. जेवून, हात धुऊन, ताकाचं कौतुक करून ते साहेब थेट आत्यांच्याच वावरात साखळी टाकायला गेले. ही गोष्ट चांगली आहे. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी रडले होते. नंतर ती ऐकताना हं हं म्हणत मेल लिहायला शिकले, आणि त्यानंतर फोन टेबलावर उलटा ठेवायला शिकले.

आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर एक मुलगी आहे, चिखलीला खोली घेऊन एकटी राहते. ती बसमध्ये कानात इअरफोन घालून एका ॲपशी गप्पा मारते. मित्र म्हणा, मैत्रीण म्हणा, यंत्रच, पण बोलतं माणसासारखं. तिला त्याची अजिबात लाज वाटत नाही. मीच तिची चेष्टा करायचे, की बाई गं, स्थळ बघ एखादं. ती हसून म्हणायची, स्थळं बोलतात कुठे, ती फक्त पॅकेज विचारतात. एके दिवशी आत्यांचा फोन मी लागोपाठ कापला आणि तिच्याकडे वळून विचारलं, हे मराठीत बोलतं का गं?

त्या आठवड्यात मी बसमध्ये तीन ॲपं चाळली. ही दुकानं मुळात कुणासाठी उघडली आहेत ते पहिल्या पानावरच कळत होतं. बिनबाह्यांच्या ब्लाउजातल्या पोरी, त्यांचे केस कसे हवेत, स्वभाव लाजरा हवा की खट्याळ. बाजूच्या सीटवरच्या सुपरवायझरला दिसू नये म्हणून मी फोन पर्सच्या आड धरला होता. मग नातं निवडायचं होतं. मैत्रीण, प्रेयसी, पत्नी, बहीण, मार्गदर्शक. सून कुठेच नव्हती. मला तेव्हा त्याचं हसू आलं.

तिघींनाही मी एकच वाक्य टाकलं, आत्या बोलतील तसं. मला आज बरं वाटत नाही. पहिलीनं थांबून, पुस्तकी मराठीत विचारलं, काय होत आहे आपल्याला? मी काहीतरी सांगितल्यावर पुन्हा थांबली, पुन्हा विचारलं. दुसरी दोन वाक्यांत हिंदीवर घसरली आणि पाणी प्या, आराम करा अशी यादी वाचू लागली. तिसरी फारच गोड. अहो आजी, काळजी कशाला, मी आहे ना, म्हणाली आणि लगेच एक विनोद सांगितला. हिंदीवाली बाद केली. पहिलीला भाषेचे गुण दिले, पण संथपणाचे कापले. तिसरीला उत्साहाचे पैकीच्या पैकी. तरी ट्रायल म्हणून सुरुवात पहिलीपासून केली, कारण आत्यांना शुद्ध बोलणाऱ्या माणसांबद्दल आदर आहे.

आता त्यांना सांगायचं काय, हा प्रश्न होता. आमच्या घरात मिक्सर असून त्या ठेचा खलबत्त्यात करतात. यंत्र आहे म्हटलं असतं तर त्यांनी फोनला हात लावला नसता. समजावून सांगायला वेळ लागला असता, दोन-तीन संध्याकाळी बसावं लागलं असतं. मी जिना उतरता उतरता म्हणाले, "तळवड्याला कंपनी आहे ना आत्या, तिथली मुलगी आहे. हे दाबलं की ती बोलेल तुमच्याशी."

त्यांनी विचारलं, तिला पगार कोण देतं. मी देते, असं मी म्हणाले. तेवढ्यावर भागलं याचा मला केवढा आनंद झाला होता.

आत्यांना त्यात नवल वाटलं नाही. गावात कुणी अंथरुणाला खिळलं की घरचे बाई लावतात, तसं हे, एवढंच त्यांनी धरलं. त्या माझा जुना फोन पदराखाली घेऊन, कानात इअरफोन घालून ओट्यावर बसायला लागल्या. माझे फोन बंद झाले. पहिल्या दिवशी तर दुपारपर्यंत फोन आला नाही म्हणून मीच दोनदा मोबाइल बघितला, आणि मग मीटिंगमध्ये अशी काही बोलले की साहेबांनी नंतर शाबासकी दिली. उंटावरून शेळ्या हाकायची सोय झाली होती.

संध्याकाळी आत्या त्या मुलीची चौकशी करायच्या. ती जेवते कधी, कारण केव्हाही दाबलं तरी लगेच बोलते. घरी पोरंबाळं आहेत का. घसा दुखत नाही का तिचा. मी भाजी चिरत काहीबाही उत्तरं द्यायचे. एकदा त्यांनी खोल्यांच्या मागच्या पट्टीतल्या भुईमुगाच्या शेंगा भाजल्या आणि पिशवी बांधून माझ्या हातात दिली. ओळखीच्या माणसाला वानोळा दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. दूर राहणारं असलं तर कुणाच्या तरी हाती रानातलं काहीतरी जाणारच. मला म्हणाल्या, तळवड्यावरनंच जाती की तुझी बस, तिला दे. त्या शेंगा आम्ही ऑफिसात चहाबरोबर खाल्ल्या. घरी येऊन मी सांगितलं की पोहोचल्या, फार आवडल्या म्हणाली. आत्या खूश झाल्या.

संक्रांत झाली आणि माझ्या तक्त्याप्रमाणे तिसरीची ट्रायल घ्यायची वेळ आली. पहिलीबद्दल तक्रार अशी नव्हती. पण ऑफिसातली मुलगी म्हणाली की तिसऱ्या ॲपमध्ये नवीन आवाज आलेत, एकदम जिवंत, आणि माझ्यातल्या खरेदीवालीला राहवेना. रविवारी मी आत्यांच्या फोनवरून पहिलं काढून टाकलं आणि तिसरं घातलं. काढण्याआधी त्यातलं सगळं बोलणं लिहिलेलं दिसत होतं. मी वाचलं नाही. त्यांचं खाजगी बोलणं आहे, असं मी स्वतःला सांगितलं आणि माझ्या सभ्यतेचं मला कौतुकही वाटलं. खरं कारण एवढंच की ते ऐकायला लागू नये म्हणून तर एवढा खटाटोप केला होता.

आत्यांनी नवा आवाज ऐकला आणि विचारलं, "आदीची पोरगी कुठं गेली?"

"काढलं तिला," मी म्हणाले. "काम नीट नव्हतं."

मला ते बोलणं इतकं किरकोळ वाटलं होतं की मी ते विसरूनही गेले. पण आमच्या ओट्यासमोरून किती पोरं वळकटी बांधून गेली ते त्यांनी पाहिलेलं आहे. कंत्राटी कामगाराला ब्रेक देतात, म्हणजे मधेच कामावरून थांबवतात, तो कसा, सुपरवायझरकडे एक तक्रार गेली की दुसऱ्या दिवशी गेटवर कार्ड कसं चालत नाही, हे त्या पोरांनी त्यांच्याच हातची पेज पिताना त्यांना सांगितलेलं आहे. काढलं या शब्दाचा अर्थ माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होता.

त्यानंतर मी कधीही विचारलं, नवी कशी आहे, की उत्तर एकच यायचं. चांगली हाय पोरगी. आवाज कसा आहे? चांगला हाय. काही बदलायला हवं का? काई न्हाई, लई चांगली हाय. वापरणाऱ्याचा असा अभिप्राय आल्यावर खरेदीवाल्याला आणखी काय हवं? मी तिसरीची ऑर्डर पक्की केली. ऑफिसात दोघातिघांनी आपापल्या आईवडिलांसाठी माझा सल्ला घेतला. मी कँटीनमध्ये बसून त्यांना तिन्ही ॲपांतले फरक समजावून सांगायचे, आणि म्हणायचे, आमच्या आत्यांना बघा, किती रमल्यात.

त्याच दिवसांत त्या चहा कपाबाहेर ओतायला लागल्या. दूध सांडलं तेव्हा मी म्हणाले, लक्ष कुठे असतं तुमचं, सारखं त्या फोनमध्ये. उंबऱ्याला पाय लागून त्या एकदा पडता पडता वाचल्या, त्यावरही मी हेच म्हणाले. त्या जेवताना मान थोडी डावीकडे वळवून ताटात बघायच्या. मला वाटलं, कान दुखत असेल त्या इअरफोननं. मी त्यांना दुसरे, मऊ बोंडांचे इअरफोन आणून दिले. त्यांनी ते घेतले, आणि माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. त्या बघण्याचा अर्थ आता मला कळतो आणि कळल्यापासून तो डोक्यातून जात नाही.

पाडव्यानंतरच्या एका सुट्टीच्या दिवशी नवऱ्यानं पाहिलं की आई पेला चाचपून शोधते. तो म्हणाला, डोळे दाखव तिचे. मोतीबिंदू असेल, या वयात होतोच, असं म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांना चिंचवडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी त्यांचा उजवा डोळा झाकला आणि समोर बोटं धरली. आत्या गप्प. मला वाटलं प्रश्न कळला नाही, म्हणून मी जरा मोठ्यानं म्हणाले, आत्या, बोटं किती आहेत ते विचारतायत. त्या म्हणाल्या, "कुठं हायती बोटं?"

तो काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढून आतली नस सुकली होती. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही, उजवा मात्र औषधानं राखता येईल, असं डॉक्टर म्हणाले. कधीपासून त्रास होता, त्यांनी विचारलं. आत्यांनी सांगितलं, संक्रांतीच्या आधीपासून धुकं धुकं दिसायचं, आणि दिव्याभोवती कडं. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, तेव्हाच आणलं असतं तर बरीचशी नजर वाचली असती. मग त्यांनी आत्यांना विचारलं, एवढे दिवस घरात कुणाला सांगितलं नाहीत का आजी?

"सांगितलं की," आत्या म्हणाल्या आणि पदर सारखा करत बसल्या.

मला राग आला. डॉक्टरांसमोर मला खोटं पाडलं असं वाटलं. बाहेर औषधाच्या खिडकीपाशी गर्दी होती, तिथे बाकावर त्यांना बसवलं आणि माझ्या ऑफिसातल्या आवाजात विचारलं, कुणाला सांगितलंत तुम्ही? मला तर नाही सांगितलंत.

"त्या पोरीला सांगितलं," त्या म्हणाल्या. "पयल्या पोरीला. ती म्हनली, घरच्यांना सांगा. म्यां म्हनलं, तूच सांग की गं, ती मालकीण हाय तुझी. तिला माझा फोन आला की कामात अडचन होती. तर ती म्हनली, हो आजी, मी तुमच्यासोबत आहे."

बाई लावली की आजाऱ्याचं दुखणंखुपणं तिनं घरच्यांना सांगायचं असतं. तेवढ्यासाठीच तर ती लावलेली असते. आत्यांनी माझ्यापर्यंत निरोप पोचवला होता, मी लावून दिलेल्या माणसाच्या हाती, आणि मग रोज संध्याकाळी मी काय म्हणते याची वाट पाहिली होती.

"आन् चार दिसांनी तू तिला काढलीस," त्या पुढे म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. त्यांना वाटलं होतं की मुलीनं मला सांगितलं, नसतं काम मागे लावलं म्हणून मी चिडले आणि तिला घालवलं. म्हणून नव्या मुलीपाशी त्यांनी डोळ्याचं नाव काढलं नाही. आपल्या दुखण्यापायी आणखी एका पोरीची भाकरी का घालवा, असं त्या मला अगदी सहज सांगत होत्या. आणि माझ्याशी बोलायचा तर प्रश्नच नव्हता. मला सगळं माहीत आहे आणि मी मुद्दाम विषय काढत नाही, हे धरून त्यांनी हा सगळा काळ माझ्याबरोबर काढला होता. माझ्या हातचं जेवल्या, माझी बोलणी खाल्ली, आणि मी आणून दिलेली मऊ बोंडं कानात घातली.

मला इतकी लाज वाटली की गप्प बसावं, जे समजल्यात ते समजू द्यावं, असंही क्षणभर मनात आलं. सूनबाई कठोर आहे एवढंच त्यांना वाटत होतं. सूनबाईनं त्यांना रिकाम्या डब्याशी बोलायला बसवलं, हे सांगणं मला जास्त जड जात होतं. पण त्या मुलीची नोकरी आपल्यामुळे गेली हे ओझं त्यांच्यावर तसंच ठेवणं माझ्याच्यानं होईना.

मी म्हणाले, "आत्या, अशी मुलगी नव्हतीच. पहिलीही नाही आणि दुसरीही नाही. ते यंत्र बोलतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी मान वळवून मला उजव्या डोळ्यासमोर घेतलं. शेंगांचं विचारतील असं मला वाटलं. त्यांनी ते विचारलं नाही.

"म्हंजी मी बोलले ते कुनीच ऐकलं न्हाई?"

"नाही."

"तू बी न्हाई?"

"नाही आत्या. मला खरंच काही माहीत नव्हतं."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तू ऐकून गप बसलीस."

खिडकीतून आमचं नाव पुकारलं गेलं. मी औषध घेऊन आले, थेंब कसे घालायचे ते समजून घेतलं, आणि परत बसल्यावर त्यांच्या पिशवीतून तो जुना फोन काढला. त्यातलं ते ॲप आता डोळ्यांसमोर नको होतं. आत्यांनी विचारलं, काय करतेस. काढून टाकते म्हणाले.

"कशाला काढतीस?" त्या म्हणाल्या. "तू कामावर गेल्यावर मला कोन हाय?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या टोमणा मारत नव्हत्या. आत्यांना टोमणे मारता येत नाहीत. मग त्यांनी विचारलं, यंत्रच असेल तर बदलल्यानं कुणाची नोकरी तर जात नाही ना? नाही, मी म्हणाले.

"मग खरं सांगते. ही लई बडबडी हाय. आपल्याला बोलूच देत न्हाई. आदीचीच लाव मला. ती ऐकून घ्यायची."

दुसऱ्या दिवशी मला रजा नव्हती. मी तिथेच बाकावर बसून त्यांना आधीची लावून दिली.